बिलबुकाकडून ई-बिलाकडे : घाबरू नका, पण गाफीलही राहू नका

मालेगाव-भिवंडीचा लूमवाला असो, मिरजेचा हार्डवेअरवाला असो की मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावचा मोटार पार्ट्सवाला, आपल्या दुकान-कारखान्यांत एक वस्तू हमखास सापडते. कार्बन घातलेलं बिलबुक. वडिलांनी फाडलं, मुलाने फाडलं, धंदा चालत आला. आता मात्र समोरून फोन येतो, "शेठ, तुमचं बिल पोर्टलवर दिसत नाही. दिसलं की पेमेंट टाकतो." माल जाऊन महिना झाला, कपडा छपाईलाही गेला, आणि पैसे अडकले ते एका न दिसणाऱ्या बिलापायी.

या विषयावर बाजारात अर्धवट माहिती भरपूर फिरते. कोणी म्हणतं, आता प्रत्येकाला ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. कोणी म्हणतं, हे सगळं कोट्यवधींच्या कंपन्यांसाठी आहे, आपला काय संबंध? दोन्ही गोष्टी चूक आहेत. आम्ही पेशाने शिक्षक, कर सल्लागार नाही. पण आमचे बरेच विद्यार्थी संध्याकाळी वडिलांच्या गादीवर बसून बिलं करतात, त्यांचे प्रश्न आमच्यापर्यंत येतात. त्या प्रश्नांच्या धाग्यानेच हा लेख लिहिला आहे.

तीन वेगळ्या गोष्टी, एकच नाव

गोंधळाचं मूळ इथेच आहे. बाजारात "ई-बिल" या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी खपवल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे संगणकावर किंवा मोबाईलवर बनवलेलं साधं बिल. टॅलीत, एखाद्या मोबाईल ॲपमध्ये किंवा एक्सेलमध्ये बिल केलं, पीडीएफ काढली आणि व्हॉट्सॲपवर पाठवली. हे चांगलंच आहे, पण कायद्याच्या भाषेत हे ई-इन्व्हॉइस नव्हे. हाताने फाडलेल्या बिलाला जे नियम, तेच याला.

दुसरी गोष्ट म्हणजे खरं ई-इन्व्हॉइस. यात आपण बनवलेल्या बिलाची माहिती ठराविक नमुन्यात सरकारमान्य नोंदणी पोर्टलवर जाते. पोर्टल ती तपासून ६४ अक्षरी क्रमांक देतं, त्याला आयआरएन म्हणतात, आणि सोबत सही केलेला क्यूआर कोड देतं. हा क्यूआर कोड बिलावर छापायचा. मगच ते बिल ई-इन्व्हॉइस झालं. म्हणजे बिल सरकार बनवत नाही. बिल आपणच बनवतो, पोर्टल फक्त त्यावर नोंदीचा शिक्का मारतं.

तिसरी गोष्ट म्हणजे ई-वे बिल. हा मालाच्या वाहतुकीचा परवाना. कोणत्या टेम्पोतून, कुठून कुठे, किती किमतीचा माल जातोय याची नोंद त्यात असते. ई-इन्व्हॉइस केलं तर ई-वे बिलाचा पहिला भाग त्यातूनच भरता येतो. पण एक केलं म्हणजे दुसरं आपोआप झालं, असं समजू नये.

आणि हो, गल्ल्यावर चिकटवलेला यूपीआयचा क्यूआर कोड म्हणजे यातलं काहीच नाही. तो फक्त पैसे घेण्यासाठी. "आमच्याकडे क्यूआर आहे ना!" असं सांगणारे दुकानदार कमी नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सक्ती नेमकी कोणाला?

जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. ई-इन्व्हॉइसची सुरुवात १ ऑक्टोबर २०२० ला झाली, तीही फक्त ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांसाठी. मग मर्यादा पायरीपायरीने खाली येत गेली. जानेवारी २०२१ ला १०० कोटी, एप्रिल २०२१ ला ५० कोटी, एप्रिल २०२२ ला २० कोटी, ऑक्टोबर २०२२ ला १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. तीन वर्षांत ५०० वरून ५ वर. दिशा कोणती आहे, हे सांगायला ज्योतिषी नको.

५ कोटी मोजताना दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. एक, उलाढाल फक्त चालू वर्षाची बघायची नाही. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका मागील आर्थिक वर्षात ती ५ कोटींच्या वर गेली असेल, तर नियम लागू होतो. नंतर धंदा मंदावला म्हणून सूट मिळत नाही. दोन, उलाढाल एका दुकानाची नव्हे, एका पॅनची मोजतात. एकाच पॅनवर महाराष्ट्रात एक आणि गुजरातेत एक नोंदणी असेल, तर दोन्हींची बेरीज धरायची.

सक्ती आहे ती व्यापाऱ्याने नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलांना आणि निर्यातीच्या बिलांना. काउंटरवर येणाऱ्या साध्या ग्राहकाला दिलेल्या बिलाला ई-इन्व्हॉइस लागत नाही. बँका, विमा कंपन्या, मालवाहतूक एजन्सी अशा काही वर्गांना पूर्ण सूट आहे.

मग ५ कोटींच्या आतल्या धंद्याने काय करायचं? नोंदणी असेल तर नियमाप्रमाणे टॅक्स इन्व्हॉइस द्यायचं. हाताने लिहिलं तरी चालतं, संगणकावर केलं तरी चालतं. कंपोझिशन योजनेत असलेल्यांनी टॅक्स न दाखवता "बिल ऑफ सप्लाय" द्यायचं. नोंदणीच नसेल (महाराष्ट्रात मालासाठी साधारण ४० लाख आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही), तर बिलावर जीएसटी लावायचा नाही. तो हक्कच नाही. मजुरीवर कपडा विणून देणं कायद्याने सेवेत मोडतं, हे लूमवाल्यांनी लक्षात ठेवावं. तिथे २० लाखांची मर्यादा बघायची.

न दिसणाऱ्या बिलाची किंमत

आता मुख्य मुद्दा. सक्ती नसताना कागद का सोडायचा? कारण आपला खरेदीदार आपल्याला सोडू शकतो.

एक हिशेब मांडून बघू. समजा तुम्ही १०,००० मीटर सुती ग्रे कपडा २८ रुपयांनी विकला. रक्कम झाली २,८०,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी १४,०००. एकूण बिल २,९४,०००. खरेदीदाराने पूर्ण पैसे दिले. हे १४,००० रुपये त्याला पुढच्या करातून वजा करून मिळतात, यालाच इनपुट क्रेडिट म्हणतात. पण १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की विक्रेत्याने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलं आणि ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटलं, तरच क्रेडिट मिळतं. तुमचं बिल बिलबुकातच पडून राहिलं, वकील साहेबांकडे उशिरा गेलं, किंवा जीएसटी नंबरचा एक आकडा चुकला, तर त्याचे १४,००० अडकले. म्हणजे मीटरमागे १ रुपया ४० पैसे. जिथे सौदा पैशांवर तुटतो, तिथे मीटरमागे १ रुपया ४० पैसे जास्त देऊन तुमच्याकडून कपडा कोण घेईल? तो भांडत बसणार नाही. पुढची ऑर्डर शेजारच्याला देईल, बस्स.

ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर खरेदीदाराला आलेलं बिल स्वीकारण्याची, नाकारण्याची किंवा थांबवून ठेवण्याची सोयही मिळाली आहे. चुकीचं बिल आता मुकाट्याने पचत नाही, परत येतं.

यात छोट्या विक्रेत्यांसाठी एक खाचखळगा आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. ५ कोटींपर्यंतच्या धंद्याला तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरण्याची मुभा आहे. सोय चांगली. पण एप्रिलमध्ये फाडलेलं बिल जुलैमध्ये भरलं, तर खरेदीदाराचं क्रेडिट तोवर लटकतं. त्यावर उपाय कायद्यातच ठेवला आहे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची व्यापारी बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफ नावाच्या सोयीतून आधी चढवता येतात. महिन्याला ५० लाखांपर्यंतची. आपल्या वकील साहेबांना आजच विचारा, "आमचं आयएफएफ भरता का?" उत्तर "नाही" आलं, तर पेमेंट का अडतात ते कळेल.

उलट बाजूही बघा. तुम्ही ज्याच्याकडून सूत घेता तो ५ कोटींच्या वरचा असेल आणि बिलावर आयआरएन व क्यूआर कोड नसेल, तर नियमाने ते बिल बिलच नाही. तुमचं क्रेडिट धोक्यात. क्यूआर तपासायचं सरकारी ॲप मोबाईलवर मोफत मिळतं. मोठं बिल हातात आलं की एकदा स्कॅन करायची सवय लावा.

"सगळं सरकारला दिसेल" ही भीती

ही भीती आपल्या लोकांत आहे, ती नाकारून उपयोग नाही. पण थोडा शांतपणे विचार करा. तुम्ही विकलेला माल समोरच्याने खरेदीत दाखवला आहे. टेम्पो ई-वे बिलावर गेला आहे. पैसे बँकेत आले आहेत. तुमचा व्यवहार तीन ठिकाणी आधीच दिसतो. दिसत नाही ती फक्त तुमची बाजू. नोटीस येते ती याच फरकामुळे, आणि उत्तर द्यायला जवळ काय असतं? अर्धं पुसट झालेलं बिलबुक.

करपात्र माल विकून बिलच न देण्याचा दंड १०,००० रुपये किंवा बुडवलेला कर, यांपैकी जो जास्त तो. कच्च्या चिठ्ठीवर वाचवलेले पैसे एका नोटिशीत जातात. शिवाय कच्च्या चिठ्ठीवर बँक कर्ज देत नाही, टेंडर मिळत नाही, आणि उधारी बुडाली तर हातात पुरावा राहत नाही.

उधारीवरून एक गोष्ट आठवली, ती व्यापाऱ्यांनी वापरायला हवी. खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्याने घेतलेलं क्रेडिट त्याला परत करावं लागतं. म्हणजे तारीख-नंबरासह पक्कं, पोर्टलवर दिसणारं बिल हे वसुलीचंही हत्यार आहे. फोनवर आवाज चढवण्यापेक्षा "शेठ, १८० दिवस भरत आलेत" एवढं वाक्य जास्त काम करतं.

लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवीन नाही. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीच्या व्यवहाराबद्दलच आहे. व्यवहार छोटा असो की मोठा, मुदतीसह लिहून ठेवावा, त्यात कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, असा तिचा आशय आहे. जकातीचा हिशेब करतानाही दुकानातला माल किती आणि येणं किती हे नेमकं माहीत असावं लागतं. ज्याची बिलं रोजच्या रोज चढतात, त्याला ही यादी एका बटणावर मिळते. बाकीचे रमजानात रात्र रात्र वह्या चाळत बसतात.

बदल करायचा कसा? सात पायऱ्या

एका दिवसात सगळं उलटंपालटं करू नका. एक महिना धरा. आणि तो महिना ईदच्या गर्दीचा नको. ज्यांच्याकडे जुम्म्याला काम बंद असतं, त्यांनी त्या दिवशीचे दोन तास यासाठी काढले तरी पुरे.

१. नावं साफ करा. आपल्याकडे हा सर्वांत मोठा अडथळा. पॅनवर "शेख मोहम्मद", आधारवर "मो. शेख", बँकेत "शैख मुहम्मद". उर्दूतलं नाव इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कार्यालयाने आपापलं स्पेलिंग केलेलं असतं. पॅन, आधार, बँक खातं आणि उद्यम नोंदणी यांवर नाव एकसारखं करून घ्या. पुढची निम्मी डोकेदुखी इथेच संपते.

२. पार्टीची यादी बनवा. प्रत्येक खरेदीदाराचं नाव, पत्ता, पिनकोड आणि १५ अक्षरी जीएसटी नंबर. नंबर फोनवर ऐकून लिहू नका. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कोणालाही दिसतं. नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ म्हणजे गुजरात. पुढची दहा अक्षरं पॅनची. हे एवढं कळलं तरी बऱ्याच चुका डोळ्यांनीच पकडता येतात. वरच्या उदाहरणातला कपडा मुंबईला गेला तर ७,००० सीजीएसटी आणि ७,००० एसजीएसटी. सुरतेला गेला तर पूर्ण १४,००० आयजीएसटी. राज्य चुकलं की कर चुकीच्या खात्यात जातो.

३. मालाची यादी बनवा. मालाचं नाव, एचएसएन कोड, एकक आणि कराचा दर. ५ कोटींपर्यंत व्यापारी बिलावर एचएसएनचे ४ आकडे लागतात, त्यावर ६. वजनाने हलक्या, ८५ टक्के किंवा जास्त कापूस असलेल्या विणलेल्या कपड्याचा चार आकडी कोड ५२०८, उदाहरणार्थ. मीटर, किलो, नग यांपैकी आपण विकतो तेच एकक निवडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक वस्तूंचे दर बदलले आहेत. जुन्या बिलबुकावर छापलेला दर बघून भरू नका, वकील साहेबांकडून एकदा यादी तपासून घ्या.

४. सुरुवातीची बाकी पक्की करा. एक तारीख ठरवा. त्या दिवशी गोदामातला माल मोजा, कोणाकडून किती येणं आणि कोणाचं किती देणं ते लिहा. पार्टीला ही बाकी व्हॉट्सॲपवर पाठवून "बरोबर आहे" असं उत्तर घ्या. जुनी वही उर्दूत असेल आणि मुलांना वाचता येत नसेल, तर वडील समोर बसलेले असतानाच हे काम उरका. त्यांच्या आठवणीत असलेली निम्मी उधारी वहीत नसते.

५. नवा बिल क्रमांक सुरू करा. क्रमांक १६ अक्षरांपर्यंतच हवा, त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरपी रेघ एवढंच चालतं. आर्थिक वर्षात कोणताही क्रमांक दुसऱ्यांदा वापरायचा नाही. ई-इन्व्हॉइस करणाऱ्यांनी क्रमांक शून्याने सुरू करू नये, पोर्टल घेत नाही. दोन दुकानं असतील तर दोघांच्या मालिकेला वेगळं अक्षर लावा. १ एप्रिलला सुरू केलं तर उत्तम, पण मध्येच करायचं असेल तरी वेगळ्या अक्षराने नवी मालिका काढता येते. जुन्या बिलबुकातली कोरी पानं आडवी रेघ मारून "रद्द" करा, फाडून फेकू नका. एका व्यवहाराला कागदी आणि संगणकी अशी दोन बिलं हा पुढच्या भांडणाचा पाया आहे.

६. टेम्पो हलण्याआधी बिल. मालाचं बिल माल बाहेर पडताना किंवा त्याआधी व्हायला हवं, हा कायदा आहे. सेवेच्या, म्हणजे मजुरीच्या बिलाला ३० दिवसांची मुभा आहे. "शनिवारी सगळी एकदम करू" ही सवय कागदावर चालून जात होती. ई-इन्व्हॉइसमध्ये १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्यावरच्या धंद्याचं ३० दिवसांपेक्षा जुनं बिल पोर्टल घेतच नाही. आपण त्या मर्यादेत नसलो तरी रोजचं रोज हीच शिस्त ठेवा.

७. तारखा भिंतीवर लावा. मासिक जीएसटीआर-१ ची तारीख ११. तिमाहीवाल्यांची १३. खरेदीचं २बी १४ तारखेला तयार होतं. त्या दिवशी आपल्या खरेदीची बिलं २बी मध्ये आली का हे स्वतः बघा. ज्याचं आलं नाही, त्याला त्याच दिवशी फोन.

बिल चुकलं तर?

कागदावर आपण खाडाखोड करून खाली सही ठोकत होतो. ई-इन्व्हॉइसमध्ये खाडाखोड नाही. आयआरएन मिळाल्यापासून २४ तासांच्या आत पूर्ण बिल रद्द करता येतं, अर्धं नाही. त्यावर चालू ई-वे बिल असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, नवं बिल नव्या क्रमांकाने. २४ तास उलटले की साधारणपणे क्रेडिट नोट काढावी लागते. म्हणून बिल पोर्टलवर चढवण्याआधी चार गोष्टी मोठ्याने वाचा : जीएसटी नंबर, पिनकोड, एकक, दर. एक वाचणारा, एक बघणारा. शाळेत आम्ही हजेरीची बेरीज अशीच तपासतो, चूक लगेच हाती लागते.

पासवर्ड कोणाकडे आहे?

हा प्रश्न विचारला की बहुतेक जण म्हणतात, "ते सगळं वकील साहेबांकडे." काम त्यांच्याकडे असू द्या. पण नोंदणीतला मोबाईल नंबर आणि ई-मेल तुमचाच हवा. १ एप्रिल २०२५ पासून ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिलाच्या पोर्टलवर सगळ्यांना ओटीपीची दुसरी पायरी बंधनकारक झाली आहे. ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जात असेल, तर रात्री दहाला उभा असलेला टेम्पो सकाळपर्यंत उभाच.

याहून गंभीर गोष्ट अशी की, गरीब माणसाच्या आधार-पॅनवर बोगस फर्म काढून खोटी बिलं फाडण्याचे प्रकार देशभर उघडकीस आले आहेत. त्यासाठी २०२३ मध्ये जीएसटी खात्याने १६ मे ते १५ जुलै अशी खास मोहीमही राबवली. फायदा दुसऱ्याने घेतला तरी नोटीस येते ती ज्याच्या नावावर फर्म आहे त्याला. लूमवर पाळी करणाऱ्या मजुराला कोणी सांगितलं, "भाऊ, फक्त आधार-पॅन दे, महिन्याला पाच हजार घे," तर आपल्या मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलांनी त्याला थांबवलं पाहिजे. ही घर उद्ध्वस्त करणारी गोष्ट आहे. तसंच, माल न घेता फक्त बिल घेणं हा गुन्हा आहे, मग ते कितीही स्वस्तात मिळो.

प्रत्येकाला सगळं लागत नाही

मोहल्ल्यातलं किराणा दुकान, शिवणकाम, घरून बिर्याणीच्या ऑर्डरी किंवा मेहंदीची कामं घेणाऱ्या आपल्या बहिणी, यांना ई-इन्व्हॉइसची गरज नाही. ज्यांचा ग्राहक साधा माणूस आहे, त्याला क्रेडिटची फिकीर नाही. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजना सोपी पडू शकते. व्यापारी आणि उत्पादकाला उलाढालीवर १ टक्का, हॉटेलला ५ टक्के. मात्र ग्राहकाकडून कर घेता येत नाही, परराज्यात माल विकता येत नाही, आणि खरेदीदाराला क्रेडिट मिळत नाही. २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला ग्राहकाने मागितलं नाही तर वेगळं बिलही लागत नाही, दिवसाअखेर एक एकत्र बिल केलं तरी चालतं.

तरीही मोबाईलवर नंबरवार साधं बिल करायची सवय या सगळ्यांनी लावावी, असं आम्हाला वाटतं. उद्या बचत गटाचं, बँकेचं, एखाद्या योजनेचं काम पडलं तर दोन वर्षांची विक्री दाखवता येते. "मी कमावते" हे सांगणं वेगळं आणि कागदावर दाखवणं वेगळं.

जुने कागद आणि नवा बॅकअप

संगणक आला म्हणून जुनी बिलबुकं रद्दीत घालू नका. वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणं बंधनकारक आहे. २०२४-२५ च्या वार्षिक रिटर्नची तारीख ३१ डिसेंबर २०२५, म्हणजे त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत जपायचे. एखादा वाद चालू असेल तर त्याहून जास्त.

संगणकातल्या हिशेबालाही आग, पाणी, चोरी लागते. फोन हरवतो, पोरगं खेळता खेळता ॲप उडवतं. आठवड्यातून एकदा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुकानात नाही, घरी ठेवा. नेट बंद असतानाही बिल करता येईल असं सॉफ्टवेअर निवडा. ई-इन्व्हॉइसला मात्र नेट लागतंच, म्हणून दुसऱ्या कंपनीचं एक सिम जवळ असू द्या.

घरातच आहे मनुष्यबळ

या कामासाठी महागडा ऑपरेटर ठेवलाच पाहिजे असं नाही. अकरावी-बारावी वाणिज्यला पुस्तपालन शिकलेला मुलगा किंवा मुलगी आपल्या घराघरांत आहे. नावे-जमा त्यांना येतं, मोबाईल तर आपल्यापेक्षा चांगला येतो. येत नाही ती धंद्याची जाण. कोणती पार्टी कशी, कोणत्या मालाला कोणतं नाव, कोणाला किती मुदत द्यायची, हे अब्बांकडेच आहे. दोघांनी रोज अर्धा तास शेजारी बसावं. मुलीला हे काम शिकवायला तर अजिबात मागेपुढे पाहू नये. हिशेब घरी बसूनही होतो, आणि पुढे याच कामावर तिला बाहेर चांगली नोकरीही मिळू शकते.

पुढच्या जुम्म्याला एवढंच करा. दहा मोठ्या पार्ट्यांचे जीएसटी नंबर पोर्टलवर तपासा, वकील साहेबांना आयएफएफचं विचारा, आणि आपल्या नोंदणीवर मोबाईल नंबर कोणाचा आहे ते बघा. या तीन कामांना खर्च काहीच नाही. बिलबुक कधी बंद करायचं, ते त्यानंतर ठरवा.